जानेवारीत खारेपाट आणि बंदरावर पक्षी बघायचे असतील तर आधी तिथी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्याचे. जानेवारीत चार दिवस अलिबाग तालुक्यात पोयनाडजवळ नातेवाइकांकडे मुक्काम आहे. घरामागे खारेपाटातली, म्हणजे खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेली शेतं, आणि गाडीने तासाभराच्या आत अलिबाग, आक्षी, रेवस. हातात ८ बाय ४२ ची दुर्बीण. गेल्या वर्षी याच दिवसांत आले तेव्हा शेतात बगळे आणि टिटव्या, चिखलावर लांबवर ठिपके, आणि बंदरात घारी, कावळे आणि 'सगळे एकसारखे दिसणारे' कुरव (सीगल) एवढंच पदरात पडलं. आता विचारतायत की नेमकी कुठली जागा चांगली, आणि त्यासाठी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची जास्त ताकदीची दुर्बीण, घ्यावा का?

जागा तुमच्याकडे आहेत त्याच उत्तम आहेत. नवीन जागा शोधून फार फरक पडणार नाही. मी याच तालुक्यात बरीच वर्षं पक्षी बघतोय आणि मोजतोय, आणि माझा अनुभव असा की इथे रिकाम्या हाताने परतणारा माणूस बहुतेक वेळा योग्य जागीच, पण चुकीच्या तासाला उभा असतो. तुम्ही सकाळी लवकर उठून गेला असाल, कारण पक्षी सकाळी बघायचे असतात असं सगळेच सांगतात. रानात ते खरंच आहे. समुद्राकाठी मात्र सकाळ-संध्याकाळीच्या आधी भरती-ओहोटी विचारात घ्यावी लागते.

कारण सरळ आहे. आपल्याकडे थंडीत येणारे बहुतेक किनारी पक्षी, म्हणजे चिखल्या, तुतवार, स्टिंट, गॉडविट, कोरल, ही सगळी मंडळी चिखलातले किडे, बारीक शिंपल्या आणि खेकडे खातात. चिखल उघडा पडला की त्यांचं ताट वाढलेलं असतं, मग ती वेळ पहाटेची असो, भर दुपारची असो की रात्रीची. भरतीचं पाणी चिखलावर चढलं की खाणं बंद. मग त्यांना पुढचे काही तास उभं राहायला कोरडी, उघडी, चहूबाजूंनी नजर जाईल अशी जागा लागते. तिवरांच्या गर्दीत ते बसत नाहीत, कारण तिथे शिकारी पक्षी कुठून येईल ते दिसत नाही. ती उघडी जागा म्हणजे बांधाच्या आतली कापणी झालेली खाचरं, मिठागरं, जिताडा मासा पाळायच्या तळ्यांचे काठ, खाडीच्या तोंडाशी असलेली वाळू. तुम्ही शेत आणि समुद्र असे दोन वेगळे कार्यक्रम धरलेत. पक्ष्यांच्या लेखी तो एकाच दिवसाचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध आहे.

भरतीची वेळ काढायला ॲप आहेत, कोष्टकं आहेत. पण आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजूनही उत्तम चालतो. तिथीच्या आकड्याला ३ ने गुणायचं आणि ४ ने भागायचं, की साधारण भरतीची वेळ मिळते. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता, आणि पौर्णिमा-अमावस्येला १२ च्या आसपास. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून दिवसाची वेळ तीच रात्रीचीही धरायची, आणि दुसऱ्या दिवशी भरती पाऊण-एक तास पुढे सरकते. सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, त्याच्या सहा तास आधी आणि सहा तासांनी. धरमतरच्या खाडीत जसजसं आत जाल तसतसं पाणी उशिरा पोचतं, तेवढी सूट ठेवा.

वेळेइतकंच पाण्याच्या उंचीलाही महत्त्व आहे. पौर्णिमा-अमावस्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण जोरात असतं. तेव्हा चिखल पूर्ण बुडतो आणि पक्ष्यांना आत यावंच लागतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, चिखलाचा पट्टा थोडा उघडाच राहतो, आणि पक्षी तिथेच कडेकडेने चरत राहतात. अशा दिवशी बांधाच्या आत तास न् तास वाट पाहिली तरी फारसं कुणी येत नाही. कोष्टक बघाल तेव्हा मीटरचा आकडाही बघा. दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, आणि थंडीत आपल्याकडे मोठी भरती सहसा रात्रीची असते. म्हणून दिवसाची भरती किती चढणार आहे ते आधी माहीत असलेलं बरं.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी तुम्ही समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात तर सूर्य पाठीशी असतो आणि पायाचा रंग, चोचीचा रंग स्वच्छ दिसतो. संध्याकाळी तिथेच उभे राहिलात तर समोर तळपतं पाणी आणि त्यावर काळ्या आकृत्या. तुमचे गेल्या वर्षीचे काही 'ठिपके' असेच झाले असतील. म्हणून संध्याकाळी उलट करायचं. बांधावर जाऊन समुद्राकडे किंवा खाडीकडे पाठ करायची आणि आत शेतांवर बघायचं. आक्षीसारख्या ठिकाणी खाडीचं तोंड असल्यामुळे दोन्ही बाजूंनी उभं राहता येतं, तिथे थोडी लवचीकता मिळते. दुपारी अकरा ते तीन चिखलावरची हवा तापून थरथरते. तेव्हा कितीही महागाची काच लावली तरी चित्र स्थिर राहत नाही.

तुम्ही तारखा दिलेल्या नाहीत, त्यामुळे आता थोडं 'जर-तर' करावं लागेल.

तुमचे दिवस द्वादशी ते चतुर्दशी असे पडले तर नशीब चांगलं. भरती सकाळी ९ ते साडेदहाच्या दरम्यान आहे. साडेसातला किनाऱ्यावर उभे राहा. पाणी चढत येतं, चिखल अरुंद होत जातो, आणि लांबचे पक्षी पाण्याच्या कडेबरोबर आपोआप तुमच्याकडे सरकत येतात. तुम्हाला एक पाऊलही पुढे टाकावं लागत नाही. भरतीच्या वेळी गाडी काढून खारेपाटात या आणि बांधाच्या आत जमलेले थवे बघा. पौर्णिमा-अमावस्येच्या दिवशीही सकाळ चांगली जाते. सुकती ६ ची, म्हणजे साडेआठ ते अकरा हा चढत्या पाण्याचा वेळ, आणि सूर्य पाठीशी.

दिवस द्वितीया ते पंचमी असले तर उधाणाचा जोर अजून टिकलेला असतो आणि भरती दुपारी दीड ते पावणेचारची. मग सकाळ शेतातल्या छोट्या पक्ष्यांना द्या, आणि दुपारी तीननंतर बांधावर बसा. थवे आत बसलेले सापडतात, उजेड मागून असतो, आणि पाणी उतरायला लागलं की थव्यामागून थवे डोक्यावरून खाडीकडे परत जातात. मला स्वतःला हा वेळ सगळ्यात आवडतो.

आणि दिवस सप्तमी ते दशमीच्या आसपास आले तर चिखलावरच्या पक्ष्यांच्या मागे धावू नका. दिवस शेतं आणि बंदर यांच्यात वाटा. तेही कमी नाही.

आता शेतांकडे वळतो, कारण 'शेतात बगळे आणि टिटव्या' या तुमच्या वाक्याने मला जरा वाईट वाटलं. खारेपाटातली जमीन जानेवारीत वरवर ओसाड दिसते. भात निघून गेलेलं, खुंट उरलेले, मातीला भेगा. पण ही सगळी शेतं एकसारखी नसतात, आणि कुठल्या शेतात किती ओल उरली आहे यावर तिथे कोण असेल ते ठरतं.

सगळ्यात आधी खोलगट खाचरं, जिथे अजून गोडं किंवा मचूळ पाणी साचलंय. तिथे शेकाट्या, वुड सँडपायपर, मार्श सँडपायपर, कडेच्या गवताशी टेमिंक स्टिंट, आणि चरातून एकदम उडणारा ग्रीन सँडपायपर. उडताना त्याचा पांढरा पार्श्वभाग आणि काळपट पंख यामुळे तो मोठ्या पाकोळीसारखा दिसतो. टेमिंक स्टिंट आणि लिटल स्टिंट यांच्यात गोंधळ होत असेल तर पाय बघा. टेमिंकचे पाय पिवळसर-हिरवट आणि छातीवर मळकट पट्टा, लिटलचे पाय काळे आणि छाती बरीच पांढरी. आणि जागाही मदत करते. टेमिंक शेतातल्या पाण्याच्या कडेला एकटादुकटा, लिटल खाडीच्या चिखलावर मोठ्या थव्यात. नियम नाही, पण कल तसा आहे.

मग पूर्ण वाळलेली, खुंटांची शेतं. ती गाडीतून बघून सोडून देऊ नका. बांधाच्या कडेला उभे राहा आणि पाच मिनिटं काहीही करू नका. आधी काही दिसत नाही. मग एक ढेकूळ चालायला लागतं, आणि ती तिरचिमणी असते. मग दुसरं, आणि तो छोट्या चंडोलांचा थवा असतो. गुरं चरत असतील तर त्यांच्या पायांत पिवळे धोबी आणि गायबगळे. उंच काडीवर गप्पीदास, तारेवर नीलपंख आणि खाटीक, पेंढ्याच्या उडवीवर किंवा खांबावर खरुची हा छोटा ससाणा. ही खरुची वाऱ्याला तोंड करून एका जागी पंख फडफडवत लटकते, ते बघायला मिळालं तर ओळखायला दुसरं काही लागत नाही. याच शेतांत सोनचिखल्यांचे थवे बसतात. मातीच्या रंगात इतके मिसळलेले की पुढचा उडेपर्यंत मागचे पन्नास दिसत नाहीत. त्यांचा भाऊबंद करडा चिखल्या मात्र शेतात क्वचित येतो, तो चिखलावरचा. दोघांत शंका आली तर उडू द्या. करड्याच्या बगलेत काळा डाग असतो, सोनचिखल्याच्या नसतो.

तिसरी, थोडी वर असलेली गोड जमीन, जिथे भातानंतर अंगओलीवर वाल केलेला असतो. जानेवारीत वालाच्या शेंगा धरलेल्या असतात, पोपटीचे, म्हणजे मडक्यात शेंगा भाजून खायचे दिवस असतात. वालाच्या ओळीत आणि शेजारच्या चराच्या गवतात ब्लूथ्रोट मिळतो. सकाळी लवकर चराच्या कडेला उघड्यावर येतो, शेपटी पसरून तिच्या बुडाशी असलेला तांबूस रंग दाखवतो आणि परत आत. त्याच्यासाठी चालत फिरण्यापेक्षा चराच्या कडेला उकिडवं बसून राहिलेलं बरं.

संध्याकाळी साडेचारनंतर शेतांवर भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात. जमिनीपासून माणसाच्या उंचीवर, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून, डोलत डोलत सगळं शेत विंचरून काढतात. दलदली भोवत्या इथे सर्रास. मादी गडद तपकिरी, डोकं साईच्या रंगाचं. माँटेग्यू आणि पॅलिड हे दोघे सडपातळ. त्यांचे नर सोपे आहेत. माँटेग्यूच्या पंखावर वरून एक काळी रेघ, पॅलिडच्या फक्त टोकाला काळी पाचर. माद्या आणि त्या वर्षीची पिल्लं मात्र मी स्वतः लांबून नाव न देता वहीत 'भोवत्या, माँटेग्यू किंवा पॅलिड' असं लिहून सोडतो. तुम्हीही सोडा. चुकीच्या नावापेक्षा अर्धवट नोंद खूप उपयोगाची असते.

शेत आणि खाडी यांच्या मधल्या एका जागेबद्दल वेगळं सांगतो, कारण बाहेरचे लोक तिकडे बघत नाहीत. ती म्हणजे खारबांधातली उघाडी. पाणी आत-बाहेर सोडायची ही दारं जिथे असतात तिथे ओहोटीच्या वेळी आतलं पाणी एका अरुंद ओढ्यातून खाडीकडे धावतं आणि त्याच्याबरोबर बारीक बोईटं, कोळंबीची पिल्लं येतात. तिथे पंधरा-वीस पावलांवर बांधाच्या आडोशाला बसलात तर ग्रीनशँक शिकार कशी करतो ते बघायला मिळेल. इतर तुतवार टोचत टोचत चालतात. हा उथळ पाण्यात चोच अर्धी बुडवून नागमोडी पळत सुटतो, एकदम वळतो, आणि चोचीत चमकणारा मासा धरून थांबतो. शेजारी समुद्री बगळा पंख अर्धे उघडून, एका पायाने चिखल ढवळत उभा असतो. तो काळपट-निळसर असेल तर ओळख सोपी. पांढरा असेल तर चोचीकडे बघा. साध्या छोट्या बगळ्यापेक्षा ती जाड आणि पिवळसर-तपकिरी असते. चिखलाच्या उतारावर निवट्या मासे उड्या मारत असतील आणि तिथे व्हिम्ब्रेल म्हणजे छोटा कोरल असेल, तर तो खेकडा धरल्यावर काय करतो ते नीट बघा. झटकून नांगी आणि पाय तोडतो, पाण्यापाशी नेऊन धुतो, आणि मगच गिळतो.

उघड्या चिखलावरच्या बारीक पक्ष्यांबद्दल एवढंच की आधी रंग बघू नका, चाल बघा. थंडीत सगळे करडे-तपकिरी असतात, रंगाने काही हाती लागत नाही. चिखल्या पळतो, थांबतो, टोचतो, परत पळतो. स्टिंट आणि डनलिन न थांबता शिवणयंत्रागत टोचत राहतात. गॉडविट लांब चोच मुळापर्यंत खुपसतो. चाल कळली की यादी चाळीसवरून पाच-सहावर येते. मग केंटिश चिखल्याची पांढरी कॉलर, कर्ल्यू सँडपायपरची खाली वाकलेली चोच आणि उडताना दिसणारा पांढरा पार्श्वभाग, असे एकेक शोधा. छोट्या आणि मोठ्या वाळू-चिखल्यांचा फरक हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यास आहे, पहिल्या फेरीत त्यावर वेळ घालवू नका. अलिबागला असाल तर कुलाबा किल्ल्याच्या आजूबाजूचा खडकाळ पट्टा सुकतीला बघा. तिथे खडकांत टर्नस्टोन असतात, शेवाळाचे तुकडे आणि बारीक दगड चोचीने उलटे करणारे. मात्र किल्ल्याकडे चालत जात असाल तर परतीच्या पाण्याची वेळ आधी पक्की करा. पक्ष्याच्या मागे लागल्यावर पाणी कधी वळलं ते कळत नाही. खाडीच्या मऊ चिखलात तर उतरूच नका. वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत घेतो.

आता बंदर. तिथे पक्ष्यांचं वेळापत्रक होड्या ठरवतात, आणि लहान बंदरांत होड्या बहुधा भरतीच्या पाण्यावर आत येतात, म्हणजे फिरून तिथीच आली. साखर-आक्षीला किंवा रेवसला आदल्या दिवशी जाऊन कोळीवाड्यात विचारा की उद्या होड्या कधी लागणार. नीट विचारलंत तर लोक नीट सांगतात. होडी लागली, मासळी निवडायला घेतली, टाकाऊ मासळी पाण्यात पडली, की अर्ध्या तासात कुरव इतके जवळ येतात की दुर्बीण फोकस होत नाही. बाकी वेळ तेच पक्षी लांब पाण्यावर नाहीतर वाळूवर झोपलेले असतात.

कुरव एकसारखे वाटतात कारण आपण सगळ्या थव्याकडे एकदम बघतो. एक पक्षी निवडा आणि तो बसून, उडून, परत बसेपर्यंत त्याच्यावरच नजर ठेवा. मापाला कावळा आणि घार बंदरात आयत्या मिळतात. कावळ्याएवढा असेल तर बहुतेक तपकिरी डोक्याचा किंवा काळ्या डोक्याचा कुरव. थंडीत दोघांचंही डोकं पांढरं, कानामागे एक डाग, म्हणून नावावर जाऊ नका. पंख उघडण्याची वाट बघा. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाची टोकं ठसठशीत काळी आणि त्यात पांढरे ठिपके, डोळा फिकट. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी पाचरीसारखी, टोकाला फक्त काळी किनार, डोळा गडद, चोच बारीक. हे प्रौढ पक्ष्यांचं झालं. पंखावर तपकिरी नक्षी आणि शेपटीला काळी पट्टी असेल तर तो पहिल्या हिवाळ्यातला पक्षी, आणि तिथे डोळ्याचा रंग फसवतो.

घारीएवढा असेल, पाठ गडद राखाडी आणि पाय पिवळे असतील, तर ह्यूग्लिनचा कुरव. त्याहूनही मोठा, कपाळ लांब उतरतं, चोचीच्या टोकाशी लाल-काळी पट्टी, तर पलासचा कुरव. फेब्रुवारीपर्यंत त्याचं डोकं काळं होत येतं आणि मग तो लपत नाही. कान स्वच्छ, मान लांब आणि कपाळ उतरतं असा मध्यम कुरव दिसला तर स्लेंडर-बिल्ड आहे का ते तपासा.

कुरवांत सुरय (टर्न) मिसळलेले असतात. त्यांच्यात चोच बघा. गाजरासारखी लाल आणि जाडजूड, तर कॅस्पियन. नारिंगी, तर लेसर क्रेस्टेड. पिवळी, तर ग्रेटर क्रेस्टेड. काळी आणि टोक पिवळं, तर सँडविच. काळी, आखूड आणि जाड, तर गल-बिल्ड, आणि हा पक्षी तुम्ही खारेपाटातही बघाल, कारण तो इतरांसारखा सूर मारत नाही, शेतावरून आणि चिखलावरून तरंगत जाऊन खेकडे आणि किडे अलगद उचलतो. बंदराच्या आकाशात वर बघायलाही विसरू नका. ब्राह्मणी घारी असतातच, पण पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड, ज्याला कोकणात काकण म्हणतात, तो एखाद्या फेरीत डोक्यावरून जातो.

मुंबईहून कुणी तुमच्याबरोबर येणार असेल तर त्यांना मांडव्याच्या लाँचने यायला सांगा. कुरव लाँचबरोबर डेकच्या उंचीवर उडतात, डोळ्याचा रंग आणि पंखाची टोकं हातभर अंतरावरून दिसतात. लोक त्यांना वेफर्स आणि शेव टाकतात. तुम्ही टाकू नका आणि शेजाऱ्यालाही सांगून बघा. तळलेलं, खारवलेलं बेसन हे त्यांचं अन्न नाही, आणि ते न टाकताही कुरव लाँचमागे येतातच, कारण पंख्याने ढवळलेल्या पाण्यात त्यांना मासे मिळतात.

स्कोपचं उत्तर आता देता येईल. या चार दिवसांसाठी घेऊ नका. वर सांगितलेली वेळ साधलीत तर ८ बाय ४२ मध्ये निम्म्याहून जास्त पक्षी ओळखता येतात, आणि वेळ चुकली तर स्कोपमध्येही थरथरणारे ठिपकेच दिसतात, फक्त मोठे. दोन हिवाळे सलग किनाऱ्यावर जायचं ठरवलंत, थव्यांची मोजणी करावीशी वाटली, तर मग स्कोप हवाच, आणि त्याच्याइतकाच चांगला, जड तिपाई हवा. हलक्या तिपाईवर समुद्राच्या वाऱ्यात काही टिकत नाही.

दोन गोष्टी मी आग्रहाने सांगतो. पहिली, भरतीला बसलेल्या थव्याजवळ जाऊ नका. ते आराम करतायत म्हणून फोटो सोपा वाटतो. पण हे पक्षी मध्य आशिया आणि सैबेरियापर्यंतचा प्रवास करून येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये तेवढाच परत जातात. प्रत्येक वेळी थवा उठवला की त्यांनी खाल्लेलं जळतं. कर्ल्यू सँडपायपर आणि करडा चिखल्या हे दोन्ही २०२४ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत 'व्हल्नरेबल' (असुरक्षित) या वर्गात गेले. आपल्याला ते शेकड्यांनी दिसतात म्हणून सुरक्षित आहेत असं नाही. पुढचे पक्षी मान ताठ करून तुमच्याकडे बघायला लागले, एका दिशेने चालायला लागले, की तिथेच थांबा, जमलं तर बसा, आणि दोन पावलं मागे या. बरोबर कुत्रा असेल तर तो घरी ठेवा, ड्रोन असेल तर तो बॅगेतच राहू द्या.

दुसरी गोष्ट शेतकऱ्यांची. बांध ही पायवाट वाटते, पण ती त्यांची भिंत आहे. बांधाच्या उतारावर चढ-उतर करून माती ढासळली तर पुढच्या उधाणाला तिथूनच पाणी शिरतं. वरच्या सपाट भागावरूनच चाला, वालात पाऊल टाकू नका, जिताड्याच्या तळ्यावर विचारल्याशिवाय जाऊ नका. आणि खारेपाटात फिरताना तुम्हाला बांध फुटून खारं पाणी शिरलेली, तिवरं उगवलेली शेतं दिसतील. तिथे पक्षी भरपूर असतात. बरेच पक्षीनिरीक्षक तिथे खूश होऊन 'काय सुंदर पाणथळ' म्हणतात, आणि शेजारी त्या जमिनीचा मालक उभा असतो, ज्याचं भात गेलंय. पक्ष्यांवर माझं प्रेम आहे, पण त्या माणसासमोर हे वाक्य बोलू नये असं मला मनापासून वाटतं. त्याच्याशी बोला. बांध कधी फुटला, पाणी कुठवर येतं, थवे कुठल्या भरतीला कुठे बसतात, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

नोंदी ठेवा. पक्ष्याचं नाव आणि आकडा याबरोबर तिथी, भरतीची वेळ आणि तुम्ही उभे होतात तेव्हा पाणी चढत होतं की उतरत होतं, एवढं लिहा. पुढच्या वर्षी त्याच तिथीला त्याच जागी उभं राहता येईल. ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकलीत तर टिपणीच्या रकान्यातही हे लिहा. जानेवारीतच आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून दर वर्षी होते. तुमचे दिवस तिच्याशी जुळले तर तुमची खारेपाटातली मोजणी तिच्यातही देता येईल.

एखाद्या पक्ष्याच्या पायावर रंगीत प्लास्टिकची झेंडी किंवा धातूची कडी दिसली तर बाकी सगळं सोडून तीच बघा. झेंड्या एकाहून जास्त असतील तर रंग वरून खाली कसे आहेत, कुठल्या पायावर आहेत, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, आणि त्यावर अक्षर-आकडा असेल तर तो. जमेल तसा फोटो घ्या, अस्पष्ट आला तरी चालेल, आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. आणि ओळख विचारायला कुरवांचे फोटो टाकणार असाल तर एकाच पक्ष्याचे दोन टाका, एक बसलेला, पाय दिसतील असा, आणि एक पंख पूर्ण उघडलेला. नुसत्या बसलेल्या पक्ष्यावरून नाव सांगणं बऱ्याचदा मलाही जमत नाही.